राखणदाराचा पहिला श्वास

आमच्या काळेथर बंदरावर कुठलीही नवी वस्तू आली की तिला आधी नारळ द्यावा लागतो. मग ती होडी असो, जाळं असो, नाहीतर सौर दिव्याचा खांब असो. त्या खांबाला कुंकू लागलं तेव्हा तो उभारणारा कंत्राटदार बाजूला बसून प्रसादाचं खोबरं खात होता. मी सावंतवाडीकडची, तिकडेही हे सगळं आहेच, पण इथल्यांचा उरक दांडगा. त्यामुळे हवेतलं विष ओळखणारं यंत्र आमच्या होड्यांवर आलं तेव्हा गाव त्याला काय नाव ठेवणार, याचा मला अंदाज होता. राखणदार. वेशीवर बसून गाव राखणारा एक राखणदार देव होताच, आता होडीवर बसून पाण्याखालच्या माणसाचा श्वास राखणारा दुसरा आला.

समुद्रात मासळी उरली नाही तेव्हा आमच्या लोकांनी तळाशी शेती सुरू केली. दोरांवर समुद्री शेवाळ वाढवायचं, पिंजऱ्यांत कालवं वाढवायची. या दर्याबागांत माणसं तासन् तास पाण्याखाली राबतात. पाठीवरच्या टाकीने त्यांचं भागत नाही. होडीवर हवा दाबणारं यंत्र असतं, त्याला सगळे भाता म्हणतात. भात्यातून निघालेली लांब नळी खाली माणसाच्या तोंडावरच्या मुखवट्याला जोडलेली. माझा नवरा दिगंबर कोयंडे अशाच नळीवर जगायचा. मी दर्याबागवाल्यांच्या सहकारी संस्थेच्या तपासणी खोलीत भात्यांची हवा तपासायची. लग्न जुळवणाऱ्या मावशी म्हणाल्या होत्या, तो श्वास घेणार आणि तू मोजणार, छान जोडा आहे.

भात्याचं काम सोपं आहे. बाहेरची हवा ओढायची, दाबायची, गाळणीतून काढायची आणि खाली पाठवायची. पण त्याला चालवायला पेट्रोलचं इंजिन लागतं, आणि इंजिन धूर सोडतं. वारा फिरून तो धूर भात्याच्या तोंडाशी आला, तर भाता तोही इमानाने खाली पाठवतो. काजळी आणि तेलाचा वास गाळणीत अडकतो. कार्बन मोनॉक्साइड अडकत नाही, आणि त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन एरवी प्राणवायू धरून अंगभर फिरवतं. हा वायू भेटला की ते प्राणवायूला सोडून याला धरतं, दोनशेपट जास्त घट्ट. रक्त लालभडक दिसतं आणि माणूस आतून गुदमरतो. खोल पाण्यात हे आणखी फसवं होतं. तिथे दाबामुळे प्राणवायूही जास्त मिळत असतो, म्हणून फारसं जाणवत नाही. वर येताना दाब उतरतो, तो जादा प्राणवायू जातो, आणि रक्तात जागा अडवून बसलेलं विष तेवढं मागे राहतं.

राखणदाराच्या पोटात नखाएवढा एक पापुद्रा असतो, प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिमोग्लोबिनचा. भात्यातून गाळून आलेल्या हवेची एक बारीक धार सतत त्याच्यावरून वाहते. विषारी वायू आला की पापुद्र्याचा रंग पालटतो आणि पडद्यावर आकडा चढतो. दहा लाख भागांत दहा भाग झाले की भोंगा वाजतो आणि खालच्या माणसाला राखीव टाकीची हवा सुरू होते. म्हणजे माणसाच्या रक्ताचं जे व्हायचं, ते आधी या पापुद्र्याचं होतं. हे ज्याला सुचलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला होता.

त्याआधीच्या यंत्रांना मधूनमधून शून्य कुठे आहे ते शिकवावं लागायचं. आमचे लोक हुशार. यंत्र कुरकुरायला लागलं की तिथेच शून्याची कळ दाबून त्याला गप्प करायचे आणि काम चालू ठेवायचे. त्यात माणसं गेली. म्हणून नव्या यंत्राची कळच काढून टाकली. होडीवर बसवल्यावर सील एकदाच फोडायचं. त्यानंतर यंत्र जी पहिली हवा आत घेईल, ती त्याची जन्मभराची चांगली हवा, तेच त्याचं शून्य. ते परत कुणाला बदलता येत नाही. माणसांनी फसवू नये म्हणून यंत्र हट्टी केलं, आणि ते मलाही तेव्हा पटलं होतं.

आमच्या होडीवर राखणदार बसला तेव्हा मी बहिणीच्या डोहाळजेवणाला माहेरी गेले होते. संध्याकाळी दिगूचा फोन आला.

"बसवलो गो राखणदार."

"माझ्याशिवाय? मी येयसर थांबूक काय झाला होता?"

"आयेन मुहूर्त काढल्यान. मगे दिवस बरो नाय म्हणाली."

"इंजिन बंद होता?"

"बंद होता. कागदार लिवलला तसाच केलंय. चूल नाय, गाडी नाय, बिडी पण कोणाक ओढूक दिलंय नाय. बंदरावरचो धूर नको म्हणान यंत्र केबिनीत नेलंव आणि दार लावून घेतलंव. आयेन गाऱ्हाणा घातल्यान, मगे सील फोडलंय. फक्त डोक्या चढलाहा, ठणकता. आयेचा पण चढला."

"उन्हात ऱ्हवलास असतलास."

"आये म्हणता, राखणदार जागो हा म्हणान."

तो हसला, मीही हसले. माझ्यावाचून यंत्र बसवलं याचा राग मात्र मनात होता, आणि मी तो फोन ठेवेपर्यंत दाखवला.

गाऱ्हाणं घालायचं काम खरं तर पुरुषांचं. पण सासरे लवकर गेले, आणि माझ्या सासूबाईंचा, प्रमिलाबाईंचा आवाज असा खणखणीत की वाडीने कधी हरकत घेतली नाही. त्या देवाला हाक मारून मागणं मागायच्या, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे 'होय म्हाराजा' म्हणायचे. दुसऱ्यांच्या होड्यांसाठीही त्यांना बोलावणं यायचं. त्यांच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत.

दिगू गेला त्या दिवशी समुद्र इतका शांत होता की कुणाला काळजी वाटावी असं काहीच नव्हतं. सकाळी जमिनीवरून मतलई वारा होता. बागेच्या वर होडी हलू नये म्हणून पुढेमागे दोन नांगर टाकलेले. दुपारी वारा फिरला, समुद्राकडून खारा सुरू झाला. होडी एका नांगरावर असती तर वाऱ्याबरोबर फिरली असती. ती जागची हलली नाही, आणि इंजिनाचा धूर सरळ भात्याच्या तोंडावर जाऊ लागला. नळी सांभाळायला दिगूचा चुलतभाऊ सुधाकर होता. त्याने राखणदाराकडे पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. पडद्यावर शून्य होतं. भोंगा वाजत नव्हता, म्हणून तो निवांत बसला. त्याच्या जागी मी असते तर मीही बसले असते.

दिगूने वर येतो म्हणून दोर ओढला. अर्ध्यावर आल्यावर नळी सैल पडली.

त्याला किनाऱ्यावर आणलं तेव्हा त्याच्या गालांवर लाली होती. डॉक्टरांनी रक्त तपासायच्या आधीच मला कळलं की काय झालंय. सासूबाई त्याच्या उशाशी बसल्या, त्याचे ओले केस मागे सारत राहिल्या. "बघ गो, कसो तरतरीत दिसता," त्या मला म्हणाल्या. "निजलोहा फक्त." मी त्यांच्या शेजारी बसले. मला रडू येत नव्हतं, आणि येत नाही याची लाज वाटत होती. ते नंतर आलं, त्याचे कपडे घडी घालताना, आणि मग थांबेना.

आमच्या स्वयंपाकघरात वायरलेसचा सेट आहे. दिगू होडीवरून त्याच्यावर बोलायचा, भात टाका, येतोय, असं. तो गेल्यावरही सासूबाईंनी तो सेट बंद केला नाही. किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्यांचं बोलणं दिवसभर त्यातून येत राहायचं, आणि त्या भिंतीला टेकून ऐकत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "मैथिली, राखणदारान माझ्या झिलाक, दिगूक राखल्यान नाय. माझा गाऱ्हाणा खय चुकला काय गो?"

"गाऱ्हाण्याचा काय चुकता, आये," मी म्हणाले.

दिगूचं दहावं-बारावं उरकल्यावर मी त्या होडीवरचं यंत्र सोडवून तपासणी खोलीत आणलं. माझ्याकडे चाचणीच्या वायूची छोटी नळकांडी असतात. त्यांत कार्बन मोनॉक्साइड किती ते पक्कं ठाऊक असतं. भोंगा वाजायलाच हवा असा वायू मी त्याला दिला. पडद्यावर शून्य. त्याहून कितीतरी कडक वायू दिला. शून्य. पापुद्रा मेला असेल म्हणून सर्वांत कडक नळकांडं लावलं, तेव्हा कुठे आकडा जेमतेम हलला. म्हणजे पापुद्रा जिवंत होता. त्याला मोजता येत होतं. मात्र त्याचं शून्यच भलत्या उंचीवर होतं. त्याने जन्मताना जी हवा घेतली, तीच विषारी होती.

मी बंदरावरच्या इतर होड्यांची यंत्रं मागवली. एकेक करून तपासली. कुणाचं शून्य थोडं वर, कुणाचं बरंच. सगळ्यांत बरोबर होतं ते एकच, बाबी तारी यांच्या होडीवरचं. मला वाटलं, बाबीकाकांनी काही वेगळी काळजी घेतली असेल.

"काळजी कसली," बाबीकाका म्हणाले. "आमका तेवा सुतक होता. नारळ नाय, धूप नाय, गाऱ्हाणा नाय. माका तर भय वाटा होता की हो आमका राखतलो काय नाय. नुसतो बसवलंय नि सील फोडलंय."

दिगूने फोनवर सांगितलेलं मी एकेक आठवून पाहिलं. इंजिन बंद, चूल लांब, बिडीसुद्धा नाही. पण धुपाटणं होतं. नारळाच्या करवंट्यांचे रसरशीत निखारे, त्यावर ऊद, दार लावलेली केबिन. निखारा धुमसतो तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइडच निघतो, हे मी शाळेत शिकले होते. कोळशाची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपू नये, हे तर आमच्या आजीलाही ठाऊक होतं. पण धूप म्हणजे शेगडी, असं कुणाच्या मनात येईल? ज्यांनी यंत्र केलं त्यांच्याही आलं नाही. त्यांच्या कागदावर गाड्या होत्या, चुली होत्या, सिगारेट होती, देव नव्हता.

तरी खात्री करायची म्हणून घरचं धुपाटणं खोलीवर नेलं. एक कोरं यंत्र घेतलं, निखारे फुलवले, दार लावलं, सील फोडलं. मग खिडक्या उघडून चाचणीचा वायू दिला. शून्य. माझं डोकं चढलं होतं. दिगू फोनवर म्हणाला होता तसंच.

संस्थेचे अध्यक्ष शशीदादा गिरकर चांगला माणूस. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सारला.

"होड्ये आजच बंद करूया," ते म्हणाले. "नवी यंत्रा मागवूया. पण कारण सांगू नको. मशीन खराब होता म्हणान सांग. कोण खोल जावन बघता?"

"आणि नव्याक परत धूप दाखवल्यानी तर?"

"हयसर तू आसस. प्रत्येक यंत्र तुझ्या खोलयेतच सुरू करूया. नियम म्हणान सांगूया." त्यांनी आवाज उतरवला. "मैथिली, धूप प्रमिलाकाकीन दाखवलल्यान. म्हातारी जगाची नाय."

मला ते हवंच होतं. मी होकार दिला आणि घरी जाऊन सासूबाईंना पेज वाढली. आठवडाभर मी त्या सोप्या खोट्यात राहिले. त्या थोडं जेवायला लागल्या होत्या. एकदा शेजारणीशी बोलताना म्हणाल्यासुद्धा, मशीनच खराब निघालं, नशीब. मला वाटलं, असू दे. एका माणसाला तरी झोप लागू दे.

पण एके दिवशी दुपारी सेटवर वेंगुर्ल्याकडच्या एका होडीवाल्याचा आवाज आला. उद्या राखणदार बसवतोय, सगळ्यांनी प्रसादाला या, असं तो हौसेने सांगत होता. लगेच देवगडकडचा कुणीतरी म्हणाला, आमचे बारा बसले गेल्याच महिन्यात. सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. यंत्र बनवणाऱ्यांना मी कळवलं होतं. त्यांचं उत्तर होतं की वापरातली चूक असावी, पाहू. ते पाहीपर्यंत किती दिगू खाली उतरतील, ते मला मोजता येत नव्हतं. सेटवर खरं सांगावं तर ते याच स्वयंपाकघरात ऐकू येणार. न सांगावं तर दुसऱ्या कुठल्यातरी स्वयंपाकघरात तसाच एक सेट चालू राहणार.

सेटवरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मी त्यांच्यासमोर पाटावर बसले.

"आये, मशीन खराब नाय होता."

त्यांनी सेटचा आवाज कमी केला.

मी सांगितलं. कुठून सुरुवात केली ते आठवत नाही. रक्ताचं सांगितलं, पापुद्र्याचं सांगितलं, पहिल्या श्वासाचं सांगितलं. निखारा हा शब्द येईपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, नंतर देव्हाऱ्याकडे बघू लागल्या. तिथे कोपऱ्यात धुपाटणं होतं. मीच ते परत आणून घासून ठेवलं होतं.

"चूक तुमची नाय," मी म्हणाले. "कोणाकच म्हायत नव्हता. ज्यांनी ता केल्यानी, तेंकाय नाय."

बाहेर सुकत घातलेल्या शेवाळाचा वास येत होता. त्यांनी देव्हाऱ्याकडे बघतच विचारलं, "तेका कळला असात काय गो? शेवटाक?"

"नाय. ह्या विषाचा कळना नाय. नुसती झोप येता."

"नक्की?"

"नक्की, आये."

"लहान असताना तो दुसऱ्या कोणाकडे निजाचो नाय," त्या म्हणाल्या. "मीच थोपटूक व्हया." मग स्वतःच्या तळहातांकडे पाहत म्हणाल्या, "म्हणजे आता पण माझ्याच हातान निजलो."

मी त्यांचे हात धरले. त्यांनी ते सोडवून घेतले नाहीत, पण माझे धरलेही नाहीत. आम्ही दोघी तशाच बसलो होतो आणि सेटवर तो वेंगुर्ल्याचा माणूस अजून कुणाकुणाला बोलावणं करत होता.

"तो उद्या बसवतलो?" त्यांनी विचारलं.

"होय. मी सांगतंय तेका. तुमचा नाव नाय घेवचंय."

"तुझा कोण ऐकतलो? शिकलली सून सांगता, धूप नको म्हणान. हसतले." त्या भिंतीला हात लावून उठल्या. "माझो आवाज वळखतत. माका ती कळ दाबूक दाखव."

मी दाखवली. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, देवळात घेतात तसा, आणि सेटच्या समोर उभ्या राहिल्या. सुरुवातीला आवाज घोगरा आला, मग तो त्यांचा नेहमीचा झाला.

"बा दर्याच्या राखणदारा म्हाराजा, काळेथरची प्रमिला कोयंडे आज तुका हाक मारता. तुझी सगळी लेकरा आपापल्या होडयेर बसलीहत, तेंच्यासाठी."

सेटवरची बोलणी थांबली.

"नवो राखणदार बसवश्यात, तेवा नारळ ठेवा, फूल ठेवा. निखारो जवळ हाडू नकात. धूप नको, कापूर नको, उदबत्ती नको. मोकळ्या वाऱ्यार तेका पयलो श्वास घेवंदेत. आणि ज्यांनी धूप दाखवून बसवलोहा, तेंनी आज पाण्यात उतरू नकात. मी बंद केबिनीत धूप दाखवलंय. माझो झील गेलो."

त्यांनी श्वास घेतला. मला वाटलं आता थांबतील. पण गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडायचं नसतं.

"जा काय माझ्या हातून चुकला असात, ता पदरात घे. आणि ह्या सगळ्या झिलांक सुखरूप घराक हाड रे म्हाराजा."

त्यांनी कळ सोडली आणि वाट पाहिली. गाऱ्हाण्याला 'होय' म्हणावं लागतं, त्याशिवाय ते पुरं होत नाही. सेट नुसता खरखरत राहिला. किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या ऐकत होत्या, हे मला माहीत होतं. पण होय म्हटलं तर प्रमिलाबाईंच्या हातून चुकलं, यालाही होय म्हटल्यासारखं होत होतं. ते कुणाला म्हणवेना. सासूबाई तशाच उभ्या होत्या, माझ्याकडे न बघता.

मी पुढे झाले, कळ दाबली आणि म्हटलं, "होय म्हाराजा."